चौथीचे टाळकरी

मालिनीबाईंना साधं बोलता येत नसे. नसरापूरहून शेअर रिक्षानं शाळेत येताना त्या मोबाईलवर एक कीर्तन ऐकत, परत जाताना दुसरं, आणि आसपास कुठं सप्ताह बसला की संध्याकाळी मांडवात बायकांच्या पहिल्या रांगेत त्यांची पिशवी ठेवलेली असे. एवढं अमृत कानात गेल्यावर ते तोंडातून सांडणारच. फळ्यापुढं उभ्या राहून त्या "भागाकार" म्हणाल्या तरी मुलांना वाटायचं, आता मागून मृदंग वाजणार.

शिवऱ्याच्या पुढं हायवेला लागून एक वस्ती आहे, तिथली ही शाळा. चौथीचा वर्ग बाईंकडं. वर्गात एक पद्धत होती, आणि ती कुठून आली हे सांगायला नको. एकानं धडा मोठ्यानं वाचायचा आणि वाक्य संपलं की शेवटचे शब्द सगळ्या वर्गानं उचलायचे. "टाळकरी नसतील तर बुवांनी श्वास कधी घ्यायचा?" असं बाईंचं म्हणणं. शेजारच्या खोलीतल्या गुरुजींचं म्हणणं वेगळं होतं, पण भिंतीपलीकडून ते कुणाला ऐकू येत नसे.

मग शाळेला देणगीत टॅब मिळाले. बाईंनी ते मोठ्या भक्तिभावानं वाटून दिले. बंडूला एका जागी बसवत नसे, त्याला हलती चित्रं. शुभ्राचं गणित सगळ्यांच्या आधी होई आणि मग ती दुसऱ्यांची चूक काढत फिरे, म्हणून तिला अवघड कोडी. राहिली अंजुम.

अंजुम म्हणजे हायवेवर पंक्चर काढणाऱ्या झुल्फिकारची मुलगी. जाड काचांचा चष्मा लावूनही पुस्तकातली अक्षरं तिला साखरेला लागलेल्या मुंग्यांसारखी दिसत. टॅबवर मात्र अक्षर अंगठ्याएवढं करता यायचं, काळ्यावर पांढरं ठेवता यायचं. अडचण एकच. अक्षर मोठं झालं की पडद्यावर दोन-तीन शब्दच मावत. बाकीची ओळ बोटानं सरकवत आणायची. ती येईपर्यंत अंजुम आधीचं विसरून जाई.

टॅबला धडा वाचून दाखवायचीही सोय होती. बाईंनी ती सुरू केली आणि बंडू ओरडला, "बाई, ही तर मामाच्या टेम्पोतली बाई! उजवीकडे वळा म्हणती ती!" तेव्हापासून तो आवाज लागला की बंडू वहीदप्तरासकट उजवीकडं वळून बसायचा. त्याचं बघून सगळी रांग वळायची.

"लई कोरडं बोलती ती," अंजुमनंही तक्रार केली. "तिला कुणी पाणीबी इचारत न्हाई वाटतं."

बाईंनी ते मनावर घेतलं. त्यांनी सगळे धडे स्वतःच्या आवाजात टॅबमध्ये भरायला घेतले. आता बाईंचा आवाज म्हटल्यावर चाल आलीच. "नदीला पाणी कुणी दिलं? ढगांनी दिलं! ढगांना कुणी दिलं? अहो, समुद्रानं दिलं! आणि समुद्राला? सांगा की!" अंजुम कानाला हेडफोन लावून डोलत बसे. बाई तिच्याकडं बघून मनातल्या मनात हात जोडत.

हे सगळं चाललं होतं ते प्रद्युम्न सरांच्या भीतीनं. ज्या मुलांना दिसण्या-ऐकण्याची अडचण आहे, त्यांच्यासाठी ते भोरहून तालुकाभर फिरत. माणूस चांगला, पण हसू जपून वापरणारा. मागच्या खेपेला ते झुल्फिकारला म्हणाले होते, "पुण्याला अशा मुलींची निवासी शाळा आहे. गुरुवारी मी येईन. तिनं नवा उतारा वाचून दाखवला तर इथं राहू द्या. नाहीतर जूनपासून तिकडं."

झुल्फिकार बाईंना म्हणाला, "पोरगी शिकली पायजे बाई. हितं शिकत आसंल तर हितं. न्हाईतर म्या काळजावर दगड ठेवीन." तिची आई, नसरीन, रोज पोरीची वेणी सोडून पुन्हा घालू लागली. आणि शुभ्रानं जाहीर केलं की अंजुम गेली तर आपणही जाणार, फक्त तिकडं जेवायला काय असतं ते आधी विचारून घ्या.

गुरुवारी सर उशिरा आले. त्यांच्या गाडीच्या चाकात वाटेत खिळा घुसला, आणि पंक्चर काढायला हायवेवर दुसरं कोण असणार? झुल्फिकारच त्यांच्यामागं बसून आला. तेलकट हात मागं धरून तो दारातच उभा राहिला.

"आधी पाण्याचा धडा वाच," सर म्हणाले.

अंजुमनं टॅब डोळ्यांजवळ धरला आणि अशी सुटली की बंडूसुद्धा एका जागी बसला. कुठं अडखळणं नाही. "समुद्राला? सांगा की!" हेसुद्धा वाचून झालं. सरांनी भुवया वर केल्या, उठले, तिच्या मागं जाऊन वाकले.

"अंजुम, हा बंद आहे."

"व्हय सर. चार्जिंग मगाशीच संपलं."

वर्ग खो खो हसला. बाईंचे कान लाल झाले. सर शांतपणे म्हणाले, "बाई, याला वाचन म्हणत नाहीत. तुम्ही एवढं गोड ऐकवलंत की मुलीला वाचायची गरजच उरली नाही."

बाईंनी अंजुमच्या हातातला टॅब घेतला. पोरगी आपल्यापाशी राहावी म्हणून इतकं केलं, आणि त्यानंच ती हातातून निघाली! त्यांनी टॅब चार्जिंगला लावला. लाईट होती, एवढी देवाची कृपा.

सरांनी तिथंच बसून टॅबवर नवा उतारा टाईप केला, अक्षर मोठं केलं आणि अंजुमपुढं धरला. "आता हे."

"आज... सकाळी... येताना..." अंजुमनं ओळ सरकवली. जास्त सरकली. मागं आणली. "येताना... माझ्या..." पुन्हा हरवली. कुणी हसेना. दारात झुल्फिकार स्वतःच्या चपलेकडं बघत उभा होता.

"माझ्या गाडीच्या चाकात," अंजुम एकदाची म्हणाली आणि थांबली.

"गाडीच्या चाकात!" बंडू ओरडला. त्याचा काही हेतू नव्हता. वाचणारा थांबला की उचलायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याच्यामागं सगळा वर्ग, "गाडीच्या चाकात!"

"शांत!" सर म्हणाले. बाईंनीही घाबरून ओठांवर बोट ठेवलं.

"सर, त्यांना म्हणू द्या की," अंजुम म्हणाली. तिनं डोळे टॅबवरून काढले नव्हते. "ती म्हणत्यात तवर मला पुढचं सापडतं."

सर खुर्चीवर बसले. "बरं. म्हणा."

"खिळा घुसला," अंजुम म्हणाली.

"खिळा घुसला!" वर्ग गरजला. तेवढ्यात तिच्या बोटानं ओळ पुढं आणली होती.

"तो ज्यांनी काढला..."

"ज्यांनी काढला!"

"त्यांनी मला चहा पाजला..."

"चहा पाजला!" हे शेजारच्या खोलीतूनही आलं.

अंजुमचा आवाज आता सैल झाला होता. "आणि विचारलं, सर, तुम्ही माझ्या मुलीला..." ती क्षणभर थांबली. या वेळी ओळ हरवली नव्हती. तिनं दाराकडं तोंड केलं. "अब्बा?"

"वाच तू," झुल्फिकार म्हणाला.

"घेऊन जाणार का?"

सरांनी टाईप करताना पुढचा विचार केला नव्हता. आता अख्ख्या चौथीनं त्यांच्याकडं बघत, जीव खाऊन विचारलं, "घेऊन जाणार का?"

"मी उत्तर दिलं नाही," अंजुमनं शेवटची ओळ वाचली.

"दिलं न्हाई!" वर्ग म्हणाला, आणि यात टाळकऱ्यांपेक्षा फिर्यादीचा सूर जास्त होता.

सरांनी चष्मा काढून पुसला. जपून ठेवलेलं हसू थोडं खर्च झालं. "नाही नेत," ते म्हणाले. "चाकातला खिळा तिला आधी माहीत नव्हता, म्हणजे वाचलं तिनंच. रोज असंच वाचू दे, सगळ्यांबरोबर. हळूहळू टाळकरी कमी करा, बाई, पण घाई नको. आणि ते धडे पुन्हा भरा. चाल न लावता. तिला वाचायची गरज पडू द्या."

झुल्फिकारनं डोळ्यांवरून मनगट फिरवलं, त्यामुळं गालावर ऑईलचा पट्टा उमटला. शुभ्रा अंजुमला म्हणाली, "बरं झालं. मला पुण्याचं पाणी बाधतं."

बाईंनी सरांचा शब्द मानला. सकाळचं कीर्तनसुद्धा न ऐकता त्या शाळेत आल्या आणि धडा सरळ, सपाट आवाजात टॅबमध्ये भरला. कसं झालंय बघावं म्हणून तो सगळ्या वर्गापुढं मोठ्यानं लावला.

"पाणी समुद्रातून ढगांत जाते," टॅबमधून मालिनीबाई म्हणाल्या.

बंडूनं मुकाट्यानं वही उचलली, दप्तर उचललं आणि तो उजवीकडं वळून बसला.