एकटीलाच दिसलेला पडदा

फिजिक्स म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. घाबरू नका, मित्रांनो, मी परीक्षा घेत नाही. मी संगणकाच्या पेटीत खोचलेलं एक जुनं फिजिक्स कार्ड. गेममध्ये काच फुटली तर कोणता तुकडा कुठे उडेल, कापड वाऱ्याने कसं फडफडेल, धूर कुठे वळेल, एवढाच हिशोब मी करतो. चित्र काढणारं कार्ड वेगळं असतं, ते माझ्या शेजारी बसतं.

कारखान्यात भिंग लावलेल्या एका बाईंनी मला निरखून पाहिलं आणि खोक्यात ठेवलं. माझ्याशिवाय गेममध्ये जीवच नाही, असं त्या खोक्यावर छापलं होतं. मला ते खरं वाटलं. नवेपणी कोणाला नाही वाटत?

मला विकत घेतलं ताईने. घराच्या पुढच्या खोलीत तिचं गेम पार्लर होतं. मशीन दुरुस्तीला तिचे काका असत. पण समोरच्या इमारतीत गार हवेचं, गुबगुबीत खुर्च्यांचं नवं पार्लर उघडलं आणि ताईची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडू लागली. असंच चालू राहिलं असतं, तर पार्लरला कुलूप लागणार होतं.

मला पाहून काकांनी नाक मुरडलं. "अगं, एवढं काम प्रोसेसर करतो की. त्याच्या हाताखाली आणखी एक नोकर कशाला?"

"काका, रंगीत टीव्ही आला तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. पण गल्लीत पहिला घेतलाही मीच!" असं म्हणत त्यांनी मला दाराजवळच्या मशीनमध्ये बसवलं.

पहिली काच फुटली तेव्हा सगळी खोली माझ्या मशीनभोवती गोळा झाली. "पुन्हा फोड, पुन्हा फोड!" एकच गलका. मी फुगून गेलो. मात्र मला ओळखणारे गेम फारच थोडे होते. बाकीच्या गेममध्ये माझा पंखा उगाच फिरत राही.

तेवढ्यात समोरच्या पार्लरने सामन्याचं आव्हान दिलं. बंदुकीच्या गेमचे तीन डाव, तेही ताईच्याच खोलीत. हरलो तर उरलेली गिऱ्हाइकंही जाणार, हे ताई ओळखून होती. त्यांचा खेळाडू 'गरुड' नावाने प्रसिद्ध होता. ताईकडून खेळणार होती जवळच्या दवाखान्यातली नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत. सर्वांत चांगल्या खेळाडूला सर्वांत भारी मशीन द्यायचं, ही या पार्लरची रीत. म्हणून सिस्टरला माझ्या मशीनवर बसवलं. गरुड पलीकडच्या साध्या मशीनवर बसला.

मी जीव ओतला. खिडकीत फाटका पडदा झुलवला, त्यामागे दाट धूर सोडला. सिस्टर त्या पडद्याआड दबा धरून बसली आणि गरुडाने तिला एका गोळीत टिपलं.

"अरे, मी पडद्याआड होते ना!" सिस्टर ओरडली.

"कुठला पडदा?" गरुड म्हणाला. "इथे तर खिडकी सताड उघडी आहे."

ताई या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर पाहत राहिली. तिचा चेहरा उतरला. "पडदा आणि धूर हे कार्ड बनवतं. त्याच्या मशीनमध्ये कार्डच नाही, मग त्याला दिसणार कसं? काका, म्हणा आता, सांगितलं होतं म्हणून."

"ते नंतर सावकाश म्हणतो. आधी सेटिंगमध्ये जाऊन त्याला बंद कर."

ताईने मला बंद केलं. उरलेले दोन्ही डाव सिस्टरने जिंकले. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. मी त्याच पेटीत होतो, नुसता गरम होत. दुसऱ्या दिवशी मला काढून ड्रॉवरमध्ये, तुटक्या माउसच्या पंगतीला टाकलं. मित्रांनो, त्या अंधारात मला पटलं की काकांचंच खरं होतं.

गिऱ्हाईक परतलं, पार्लर तरलं. मग एका संध्याकाळी सिस्टर ड्युटी संपवून आली. "ताई, तो काचा फोडणारा कुठे गेला?"

"ड्रॉवरमध्ये. सामन्यात त्याचा काय उपयोग?"

"मला कुठे रोज सामना खेळायचाय? दिवसभर सुया, बाटल्या, म्हाताऱ्यांचे हात, सगळं जपून धरायचं. तासभर मला काहीतरी मनसोक्त फोडू दे, बाई."

काकांनी ड्रॉवर उघडला. त्यांनी ब्रशने माझी धूळ झटकली आणि मला पुन्हा जागेवर बसवलं.

आज चित्र काढणारी कार्डंच माझं काम सहज करतात. नवे गेम मला ओळखत नाहीत. म्हणून कोणी विचारलं, "गेम खेळायला असं वेगळं कार्ड घ्यावं का?" तर मी स्वतःच सांगेन, बहुतेकांनी घेऊ नये. आधी आपला खेळ कोणता ते पाहावं.

पण घरात आलेली वस्तू एका कामाला नालायक ठरली म्हणून लगेच फेकू नका, मित्रांनो. तिची धूळ पुसा, आणि ती कोणाच्या कामाची आहे ते घरात, शेजारी विचारून पाहा. आता थांबतो. सिस्टर आली आहे, आणि आज तिचा दिवस फार वाईट गेलेला दिसतो. मला खूप काचा फोडायच्या आहेत.