पाठीकडची बाजू

सुलभाताईंनी थर्मासमधला चहा ओतून कप नवऱ्याच्या हातात दिला आणि आपली घडीची खुर्ची उचलून त्यांच्या उजव्या अंगाची डाव्या अंगाला आणून मांडली. काचबिंदूने आत्मारामांचा डावा डोळा गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

"आता खुर्ची कशाला हलवलीस?"

"इकडून बरं दिसतं."

समोर दिव्यांच्या उजेडात अमेरिकन फुटबॉलची मॅच सुरू होत होती. या खेळातलं दोघांनाही ओ का ठो कळत नसे. पण त्यांचा यतीन आठवडाभर आखातात, जबल अलीच्या गोदामात राबून शुक्रवारी हेल्मेट चढवायचा. चाळिशी उलटली तरी हौस फिटली नव्हती. आज ती फिटते की संपते, हेच ठरायचं होतं.

"आजोबा, जस्ट वॉच द बॉल!" नात स्वानंदी म्हणाली. "इट्स सो सिंपल."

सुलभाताईंना चेंडूशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांची नजर रांगेच्या उजव्या टोकाला उभ्या असलेल्या यतीनवर होती.

परवा जेवताना त्यानेच ताटात खेळ मांडून दाखवला होता. आमटीची वाटी म्हणजे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. तिच्यापुढे ओळीने लिंबाच्या फोडी, म्हणजे समोरच्यांना अडवणारे गडी.

"सगळ्यात उजवी फोड मी. आमचा जुना क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकायचा. फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे व्हायची. मागून कोण येतंय ते त्याला दिसत नाही, म्हणून टीमचा सगळ्यात तगडा गडी, आपला अर्सलान, डावीकडे. मी उजवीकडे. माझ्याकडून कोणी सुटलाच, तर तो निदान त्याला दिसायचा."

"मग आता काय बिघडलं?"

"आता रोनित आलाय. डावखुरा. सगळा संसारच उलटा झालाय, आई. बॉल उलटा गरगरत येतो, तर झेलणाऱ्यांच्या हातातून निसटतो. आणि त्याची पाठ माझ्या बाजूला."

"म्हणजे तू पाठराखीण झालास की!"

यतीन खो खो हसला. सुलभाताई हसल्या नाहीत. थोरल्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा त्या परकरात होत्या आणि पाठराखीण म्हणून तिच्या सासरी गेल्या होत्या. तिथे त्यांचं नावसुद्धा कोणी धड विचारलं नाही. काम एवढंच, ताईच्या मागे मागे राहायचं. पण त्या परक्या घरात ताई रडली नाही.

"कोचला माझ्या जागी अर्सलान हवाय," फोड बोटाने फिरवत यतीन म्हणाला. "मी एक मॅच मागून घेतली. माझ्या बाजूने येऊन रोनितला कोणी एकदा जरी लोळवलं, तर खलास. जागा अर्सलानची. या वयात डावीकडे जाऊन पाय नव्याने टाकायला मी काही शिकणार नाही. हेल्मेट माळ्यावर टाकेन."

हे म्हणताना त्याने आमटीची वाटी उगाचच जवळ ओढली होती.

"यतीनभाई, घुटनों में तेल डाला क्या?" मैदानात रांगेच्या डाव्या टोकावरून अर्सलान ओरडला.

"तू अपना देख, हबीबी!"

शिट्टी झाली. यतीनच्या समोर लाल जर्सीतला एक आडदांड गडी होता, मान अशी की खांद्यातून फुटल्यासारखी. तो दर वेळी धावत यायचा, कधी छातीवर, कधी बाहेरून वळसा घेऊन. यतीन मागे सरकत, हात पुढे रोवत, त्याला रोनितपासून लांब लांब नेत राहिला. टक्कर झाली की सुलभाताईंच्या हातातलं थर्मासचं झाकण कपाळाला लागायचं.

खेळ संपत आला तेव्हा यतीनची दमछाक झाली होती. रोनितने डावा हात मागे नेला. त्याच क्षणी लाल गडी वळसा घालून एक पाऊल पुढे निसटला. रोनितची पाठ त्याला उघडी मिळाली. सुलभाताई उठून उभ्या राहिल्या.

यतीनने पाय सोडले आणि अख्खं अंग आडवं घातलं. दोघंही धाडकन खाली आले, रोनितपासून हातभर अंतरावर. चेंडू कधीच सुटला होता. दूरच्या टोकाला कुणीतरी तो झेलला आणि मैदान उसळलं. स्वानंदी नाचायला लागली. सगळे तिकडे धावले.

एकट्या सुलभाताई इकडे बघत होत्या. यतीन आधी कोपरावर उठला, रोनित उभा आहे ना हे त्याने बघून घेतलं, आणि मग गुडघ्याची माती झटकली.

मॅच संपल्यावर रोनित पाण्याची बाटली शोधत आला.

"अंकल, त्या साइडने त्यांनी आज कोणाला पाठवलंच नाही वाटतं. मला एकदासुद्धा मागे बघावं लागलं नाही."

यतीनने ओठ पुसले.

"त्यांची चूक," तो म्हणाला.

मागे कोच उभा होता. त्याने यतीनच्या मातीने भरलेल्या कोपराकडे पाहिलं आणि अर्सलानकडे बघून नकारार्थी मान हलवली.

"नेक्स्ट फ्रायडे, सेम साइड. यल्ला, चला, घरी जा."

अर्सलानने यतीनच्या पाठीत असा गुद्दा घातला, की जागा न मिळाल्याचं दुःख असलंच तर ते त्यातच निघून गेलं.

पार्किंगकडे जाताना यतीन आणि स्वानंदी पुढे होते. यतीन लंगडत होता आणि शीळ घालत होता.

"आपल्या पठ्ठ्याने आज काही विशेष केलं नाही ना?" आत्मारामांनी विचारलं. "मी बॉलच बघत होतो."

"नाही. विशेष काही नाही."

"या वयात तब्येत सांभाळून खेळतोय, तेच खूप. आता माझंच बघ. लोक म्हणतात, एका डोळ्यावर चालायला त्रास होतो. मी एवढ्या वर्षांत कुठे आपटलो नाही की धडपडलो नाही."

"खरंच," सुलभाताई म्हणाल्या, आणि डावीकडून पार्किंगचा पिवळा खांब येत होता म्हणून त्यांच्या आणखी जवळ सरकल्या.