राणीचं पाऊल

आमच्या गावात नदी आहे, सातशे वर्षांचा पूल आहे, यात्रेकरूंसाठी कुण्या राजाने बांधलेल्या पायऱ्या आहेत आणि माझा मामा आहे. पाहुणे पहिल्या तिन्हींसाठी येतात आणि मामाच्या गप्पा घेऊन परत जातात. चाळीस वर्षं गाइड. थापा मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

नदीकाठच्या अकराव्या पायरीवर एक खळगा आहे. मामा सांगायचा, राणी अनवाणी यात्रेला आली, तिचं पाऊल इथे उमटलं. लोक भक्तिभावाने हात लावतात. कसली राणी न कसलं काय! खळगा माझ्या आजीचा, म्हणजे मामाच्या आईचा. धर्मशाळेच्या चादरी धुण्यात तिचा उभा जन्म गेला, तोही त्याच पायरीवर टाच रोवून. दगड मऊ, झिजला.

मामा थकला, तशी गाइडचं काम आता मी करते. यंदा पर्यटन कचेरीने फर्मान काढलं. गाइडने परीक्षा द्यायची, खोटं सांगितलं तर बिल्ला नाही. बिल्ला नाही म्हणजे माझ्या पोटावरच पाय. मी मामाला बजावलं, त्या दिवशी तोंड उघडलंस तर याद राख.

परीक्षक बाई छापील पुस्तक घेऊन आल्या. पूल झाला, वेस झाली, माझी गाडी सुसाट. अकराव्या पायरीवर मी छातीठोकपणे आजीचं सांगितलं. बाईंनी पुस्तक उघडलं आणि फुली मारली. पुस्तकात राणीचं पाऊल होतं. असणारच. लिहिणारे प्राध्यापक आठ दिवस मामाकडेच तर जेवत होते.

मागे उभा असलेला मामा पुढे आला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"मॅडम, ती राणी मी रचली. इथे माझी आई धुणं धुवायची. माझ्या भाचीला नापास करू नका."

बाई हसल्या. भाचीसाठी माणूस काय काय रचतो, म्हणाल्या. मग दया येऊन त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

मी मामाकडे न बघता राणीला अनवाणी चालवत आणलं. बिल्ला मिळाला.

घरी जाताना मामा पुढे पुढे चालत होता. चहा पाजते म्हटलं, तरी वळला नाही. पुलावर आल्यावर थांबला.

"चाळीस वर्षं आईला मीच पुसली गं. आज खरं सांगितलं, तर तीच थाप ठरली."

मला इतकी लाज वाटली, की छातीवरचा बिल्ला काढून मी पिशवीत टाकला.