झाळून टाकलेल्या डिफरन्शियलची कैफियत

मित्रांनो, एखाद्या जुन्या मोटारीच्या मागे गुडघ्यावर बसून खाली वाकून पाहा. मागच्या दोन चाकांना जोडणारी एक जाड आडवी नळी दिसेल आणि तिच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी फुगवटा दिसेल. त्या फुगवट्याच्या पोटात तेलात बुडून माझा जन्म गेला. मी डिफरन्शियल. इंजिनाचं झाकण उघडून माणसं फोटो काढतात, माझ्यासाठी चिखलात कोण लोळणार? म्हणून माझी कहाणी मलाच सांगावी लागते आहे.

कोइमतूरजवळच्या एका ओतशाळेत माझं अंग घडलं. माझ्या पोटात चार छोटी दातेरी चाकं एकमेकांत गुंतवून बसवली गेली. तीच माझी सगळी अक्कल. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या चाकाला लांबचा फेरा पडतो आणि आतल्या चाकाला जवळचा. दोघांना एकाच वेगानं फिरवलं, तर त्यातलं एक फरफटत जातं. माझी ती चार चाकं दोघांना आपापल्या वेगानं फिरू देत. तू जरा हळू ये, तू जरा पुढे जा, एवढंच माझं काम. ते मी इतक्या गुपचूप करत असे, की मी आहे हे गाडीत बसणाऱ्यांना कळतही नसे.

माझी मोटार तंजावूरच्या अनिरुद्धरावांच्या घरी आली. ते शाळेत गणित शिकवत. घरात मराठी, अंगणाबाहेर तमिळ, अशी त्यांच्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. त्यांची थोरली लेक अंबुजा याच गाडीवर गाडी चालवायला शिकली. शिवगंगा बागेजवळच्या रस्त्यावर पहिल्या वळणाला ती घाबरली आणि हातातलं चाक गच्च धरून बसली. तेव्हा अनिरुद्धराव म्हणाले, "इतकं आवळतेस कशास? वंडि आपण होऊन वळायला बघते. तिला वळू दे." गाडीला ते घर वंडिच म्हणे. अंबुजानं हात सैल सोडला. मीही माझं काम केलं. आम्ही तिघंही त्या वळणातून सुखरूप बाहेर आलो. पुढे ती इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवू लागली. पोरांना माझ्याविषयी सांगताना ती फळ्यावर चित्र काढत नाही, उठून वर्गभर चालत वळण घेऊन दाखवते, असं ती घरी सांगे. ते ऐकून मला फार बरं वाटे. कौतुक म्हणून माझ्या वाट्याला आलं ते एवढंच.

तिचा धाकटा भाऊ प्रद्युम्न. त्याला वेगाची ओढ. नोकरी लागल्यावर त्यानं गाडी आपल्याकडे मागून घेतली. जुनं इंजिन काढून दुप्पट ताकदीचं बसवलं, रुंद टायर घातले, गाडी खाली बसवली. घराच्या गल्लीत तिचा आवाज घुमू लागला. माझं मात्र त्या ताकदीपुढे काही चालेना. ओल्या रस्त्यावर एका चाकाखालची पकड गेली, की सगळा जोर त्याच चाकाकडे पळे. ते जागच्या जागी गरगरे आणि दुसरं चाक स्वस्थ बसून राही. मी मुळात त्या ताकदीसाठी घडलेलोच नव्हतो. प्रद्युम्न खाली वाकून माझ्याकडे पाहत म्हणाला, "हे भंगार बदलायचंच!"

त्या रविवारी अंगणात भाऊ-बहिणीची बराच वेळ चर्चा झाली. अंबुजा जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"आधी सांग, ही वंडि चालणार कुठे?" तिनं विचारलं.

"रस्त्यावर. आणि कधीमधी त्रिचीला मोटारींच्या मेळ्यात."

"म्हणजे वर्षभर रस्त्यावरच. मग तिरक्या दातांचा डिफरन्शियल घे. एक चाक घसरू लागलं, तर तो दुसऱ्याला जोर देतो. वळताना मात्र दोघांना मोकळं सोडतो. आवाज नाही, झीज नाही. प्लेटांचाही मिळतो, पण प्लेटा झिजतात, त्याला तेलही वेगळं लागतं. तू तेल बदलायचा कंटाळा करतोस."

"आणि सरळ वेल्डिंग मारलं तर? शर्यतीवाले मारतात. दोन्ही चाकं कायमची एक."

"ते मातीत घसरत खेळणाऱ्यांसाठी. रस्त्यावर वळणच घ्यायचं नसेल तर मार," अंबुजा म्हणाली. "अप्पा बसतात या वंडित. विसरू नको." वडिलांना ती दोघं अप्पा म्हणत.

मित्रांनो, तिचं ऐकलं असतं तर माझी जागा जाणार होती. तरी मला तिचं म्हणणं पटलं. ज्याला वळण कळतं, त्याच्या हाती ही जागा जावी, एवढंच मला वाटत होतं.

प्रद्युम्नानं मान डोलावली. पण तो तिरक्या दातांचा डिफरन्शियल बाहेरदेशाहून यायचा होता. त्याला वेळ लागणार होता आणि त्रिचीचा मेळा तोंडावर आला होता. प्रद्युम्न गाडी घेऊन शिवकुमारच्या गॅरेजात आला. शिवकुमारनं मला बाहेर काढलं, डिझेलनं धुतलं आणि बाकावर ठेवलं.

"वेल्डिंग मारून टाक," प्रद्युम्न म्हणाला. "मेळा झाला की खरा बसवू."

"सार, रस्त्यावर त्रास देईल," शिवकुमार म्हणाला.

"माझी वंडि आहे ना?"

शिवकुमारनं खांदे उडवले आणि डोळ्यांवर काळी काच ओढली. गिऱ्हाइकाशी वाद घालण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. मग ठिणग्या उडाल्या. माझी चार चाकं वितळून एकमेकांत रुतली आणि त्यांचा एक ओबडधोबड गठ्ठा झाला. माझा प्राण त्या चार चाकांच्या फिरण्यात होता. त्यांनी मला मारलं आणि पुन्हा गाडीत बसवून चालायला लावलं.

मेळ्यात गाडीची वाहवा झाली. दोन्ही चाकं एकदम धूर काढत होती आणि पोरं शिट्ट्या मारत होती. घरी आल्यावर अंबुजानं विचारलं, "कुठला बसवलास?"

"तू म्हणालीस तोच, अक्का," प्रद्युम्न हसत म्हणाला.

मेळा संपला, पण मी होतो तिथेच राहिलो. आज बदलू, उद्या बदलू असं म्हणत त्यानं दिवस काढले.

ऐप्पशीचे, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या पावसाचे दिवस होते. रात्रभर पाऊस पडून सकाळी थांबला होता. अनिरुद्धरावांना ओरत्तनाडूच्या कचेरीत शेताच्या कामासाठी जायचं होतं. प्रद्युम्न मित्राबरोबर कुंभकोणमला गेला होता. अंबुजानं गाडी फाटकाबाहेर काढली आणि वळवली, तेव्हा मागची चाकं किंचाळली. तिनं गाडी थांबवून भावाला फोन लावला आणि तो आवाज मोठा करून डॅशबोर्डवर ठेवला, म्हणून दोघांचं बोलणं मला ऐकू आलं.

"अरे, वळताना मागून चर्र करतंय. ओढूनही धरतंय."

मित्रांनो, सगळं काही त्या क्षणात होतं. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं.

"नवीन आहे, अक्का. बसेल हळूहळू," प्रद्युम्न म्हणाला. "सावकाश जा."

ती सावकाशच गेली. दोन्हीकडे भाताची खाचरं पाण्यानं भरलेली होती. पुढे कालव्यावरचा पूल आला. पुलाआधी रस्ता डावीकडे वळतो. अंबुजानं वेग कमी केला, हातातलं चाक वळवलं. पण मी वळू देईना. मला वळू देता येतच नव्हतं. मागची दोन्ही चाकं हट्टानं सारखीच फिरत राहिली आणि गाडी नाकासमोर सरळ निघाली. तिनं हातातलं चाक आणखी वळवलं, तशी ओल्या डांबरावर दोन्ही टायरांची पकड एकदमच सुटली. मागचा भाग गर्रकन फिरला. गाडी पुलाच्या कठड्यावर आडवी आदळली, ती अनिरुद्धरावांच्या बाजूनं.

"अप्पा! अप्पा!" अंबुजा ओरडत होती. अनिरुद्धराव बोलत नव्हते. खाचरातली माणसं धावून आली.

ते वाचले. पण कमरेचं हाड मोडलं. इस्पितळात नातलग जमले आणि जो तो एकच बोलला : बाईच्या हातात एवढी ताकदीची गाडी द्यायचीच कशाला? प्रद्युम्नही म्हणाला, "अक्कानं घाबरून ब्रेक दाबला असणार." हे सगळं मला नंतर कळलं. तुटकी गाडी शिवकुमारच्या गॅरेजात आणून ठेवली होती, तिथे येणारे-जाणारे हेच बोलत.

एक दिवस अंबुजा एकटी आली. तिचं मनगट पट्ट्यात होतं. "याला उघडा," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. शिवकुमार का-कू करू लागला, पण ती हलेना. अखेर त्यानं मला बाहेर काढून बाकावर ठेवलं. तिनं चिंधीनं माझं तेल पुसलं. वेल्डिंगच्या गाठींवरून बोट फिरवलं. ती रडली नाही. तिनं भावाला तिथेच बोलावून घेतलं.

"हे काय आहे, प्रद्युम्न?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "बदलणारच होतो, अक्का."

"मी फोन केला होता. विचारलं होतं तुला."

"तू रागावली असतीस."

अंबुजानं अनिरुद्धरावांना इस्पितळात फोन लावला आणि सगळं सांगितलं. आवाज मोठा ठेवला होता.

"अंबुजा," ते म्हणाले, "त्याचं लग्न ठरत आलंय. त्या मंडळींच्या कानी हे गेलं, तर काय म्हणतील? बापाला मोडणारा मुलगा? झालं ते झालं. तू थोरली आहेस. तू समजून घे."

"म्हणजे मी चालवता चालवता ठोकली, असंच राहू द्यायचं?"

"लोक चार दिवस बोलतील, मग विसरतील."

तिनं फोन बंद केला. प्रद्युम्न "अक्का" म्हणत पुढे आला. ती त्याच्या अंगावरून निघून गेली.

लोक विसरले नाहीत. प्रद्युम्नाच्या लग्नाला शिवकुमार गेला होता. परत आल्यावर तो गॅरेजातल्या सोबत्यांना सांगत होता. वऱ्हाड गाड्यांत बसत असताना नवरदेवच म्हणाला, "अक्काच्या हाती मात्र चावी देऊ नका हं!" सगळे हसले. अनिरुद्धराव काठीवर रेलून उभे होते, तेही हसले. हे सांगताना शिवकुमारही हसू लागला आणि माझ्याकडे नजर जाताच पाना उचलून कामाला लागला.

माझ्या गाडीत आता तिरक्या दातांचा डिफरन्शियल बसला आहे. अंबुजानं निवडलेला, अगदी तोच. प्रद्युम्न मोठ्या अभिमानानं सांगतो, की आपण खूप अभ्यास करून तो निवडला. मी गॅरेजाबाहेर पडून आहे. ताडपत्री वाऱ्यानं उडू नये म्हणून शिवकुमारनं तिचं टोक माझ्याखाली दाबलं आहे. मला गंज चढतो आहे.

मित्रांनो, मोटारीला काय बसवायचं हे तुम्ही उद्या ठरवाल. धूर किती निघेल आणि कोण शिट्टी मारेल, हे आधी पाहू नका. रोजचा रस्ता कोणता, पाऊस कुठे साचतो, शेजारी कोण बसणार आहे, हे पाहा. आणि काही बदललंत, झाकलंत, तर गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी खरं सांगा. ज्याचं काम सांभाळून घेण्याचं आहे, त्याचं सांभाळणं वितळवून टाकू नका. मग ते लोखंड असो नाहीतर माणूस.

कॉलेज सुटलं, की अंबुजा या रस्त्यानं ऑटोरिक्षातून घरी जाते. त्या तीनचाकीच्याही मागच्या चाकांमध्ये माझ्या जातीचा एक लहानगा डिफरन्शियल असतो. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. गॅरेजापुढच्या कोपऱ्यावर तो दोन्ही चाकांना अलगद मोकळं सोडतो आणि रिक्षा सहज वळते. तरीही ते वळण सरेपर्यंत अंबुजा पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली असते.