‘लेफ्ट’ या शब्दाचे मी सांगितलेले अर्थ

मित्रांनो, माझी पाठ उसवली आहे आणि ‘झेड’ची पानं कसरीनं खाल्ली आहेत, तरी मी अजून वाचता येतो. मी इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. सध्या बीडच्या एका शाळेत, कपाटाच्या खालच्या खणात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. खिळे जुळवणारे लोक शब्दामागून शब्द लावत होते आणि प्रत्येक शब्दाखाली त्याचे अर्थ. एखाद्याला दोन, एखाद्याला वीस. मला वाटायचं, वाचणारे सगळेच अर्थ वाचतील.

नगरच्या जुन्या बाजारात मोहनरावांनी मला विकत घेतलं आणि पाटोद्याला आणलं. तेव्हा तिथं निजामाचं राज्य होतं. मोहनराव तहसिलीत कारकून होते. कचेरीचं काम उर्दूत चाले. पण मोहनराव नगरला तीन इयत्ता इंग्रजी शिकलेले, आणि गावात इंग्रजी पुस्तक असलेले ते एकटेच. लोक त्यांना मुन्शीजी म्हणत. एखादं इंग्रजी पाकीट आलं, औषधाच्या बाटलीवर काही लिहिलेलं असलं, की लोक त्यांच्या ओसरीवर येत. मोहनराव चष्मा पुसत, मला मांडीवर घेत, शब्द शोधत आणि पहिला अर्थ मोठ्यानं सांगून मला मिटत. लोक म्हणत, “मुन्शीजींचं इंग्रजी लई पक्कं हाय.” ते ऐकून मलाही बरं वाटे. तो माझ्या कौतुकाचा काळ होता.

मग तो गुरुवार आला. बीडहून टपालाच्या हरकाऱ्यानं एक तार आणली. जवळच्या खेड्यातला शहादेव नावाचा शेतकरी मुतखड्यानं बेजार होऊन नगरच्या दवाखान्यात गेला होता. तिथं पोट चिरतात, आणि चिरलेला माणूस परत येत नाही, असं गावात बोललं जाई. त्याची आई दगडाबाई, बायको कौशल्याबाई आणि भाऊ रामहरी धावतच आले. मागोमाग गल्लीतल्या बायाही जमल्या.

तारेत तीनच शब्द होते. शहादेव लेफ्ट मंडे.

मंडे म्हणजे सोमवार, हे मोहनरावांना ठाऊक होतं. ‘लेफ्ट’साठी त्यांनी मला उघडलं. पहिला अर्थ निघाला, ‘डावा’. तो जुळेना. पुढं लिहिलं होतं, ‘लीव्ह’ पाहा. त्यांनी ‘लीव्ह’ काढला. पहिली ओळ होती, ‘सोडून जाणे’. मोहनरावांचा चेहरा उतरला. त्यांनी मला मिटलं.

“दगडाबाई,” ते म्हणाले, “शहादेव सोमवारी सोडून गेला.”

म्हातारीनं छाती बडवून घेतली. रामहरी मटकन खाली बसला. बायांनी कौशल्याबाईला धरलं आणि एकीनं तिचा डावा हात ओसरीच्या दगडावर आपटला. हिरव्या काचा पायरीवर पडल्या. दुसरा हात तिनं हिसडा देऊन सोडवून घेतला.

“थांबा! मुन्शीजी, ते पुस्तक उघडा.”

“आता काय उघडायचं, बाई?”

“तुमी बोट ठिवलंतं तिथं खाली लई ओळी हायत. मी बघितलं. तुमी एकच वाचली.”

तिला एक अक्षर येत नव्हतं. पण ओळी तिला दिसल्या होत्या.

“कौशे, डोस्कं फिरलं का तुजं?” दगडाबाई ओरडली.

“फिरू द्या, आत्याबाई. समद्या वाचा, मुन्शीजी.”

मोहनरावांनी मला पुन्हा उघडलं. “सोडून जाणे. मागे ठेवणे. सोपवणे. टाकणे. प्रस्थान करणे. निघणे. शिवाय रजा. निरोप. परवानगी.”

“मरणं कुठं लिवलंय?”

त्यांनी दोनदा पाहिलं. “न्हाई. मरणं असं न्हाई.”

“निघणं लिवलंय ना? मंग निघालेत ते! जातानाच म्हणलेते, सुटलो की जामखेडपातुर येतो, तितं गाडी पाठवा. भावजी, बैलं जुपा.”

मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मलाही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे अर्थ असतात. त्यातला कुठला कुणाच्या वाट्याला आला आहे, ते मला कळत नाही.

गाडीत गोधडी अंथरून कौशल्याबाई बसली, रामहरीनं कासरा धरला. मोहनराव मागं चढून बसले; मी त्यांच्या काखेत होतो. रात्रभर चालून गाडी सकाळी इंग्रजी हद्दीच्या नाक्यावर पोचली. गाडी रिकामी बघून शिपाई म्हणाला, “क्या लाने जा रहे?” रामहरीनं बैल पुढं हाकले.

जामखेडच्या धर्मशाळेत, भिंतीला टेकून, शहादेव बसला होता. एका व्यापाऱ्याच्या गाडीतून तो बुधवारीच तिथं उतरला होता. अंगात ताप होता, पट्टी ओली झाली होती.

“कावून एवढा उशीर?” तो म्हणाला. “मी तार केलती ना.”

रामहरी रडायला लागला. कौशल्याबाईनं नवऱ्याला उठवायला हात पुढं केला. शहादेवनं तिचं मोकळं मनगट पाहिलं.

“बांगड्या कुठं गेल्या?”

“जूला लागून फुटल्या,” ती म्हणाली. मोहनरावांनी मान खाली घातली.

शहादेवला बरं व्हायला दोन महिने लागले. डॉक्टर म्हणाले, तार उशिरा पोचून धर्मशाळेत दोन दिवस गेले नसते तर पंधरवड्यात उठला असता. बांगड्यांची खरी गोष्ट पुढं त्याला कळली, तरी त्यानं मोहनरावांना कधी दोष दिला नाही. मोहनरावांनी मात्र पहिला अर्थ सांगून मला मिटणं सोडलं. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, मग विचारत, “तार कुणी केली? माणूस कुठं होता?” लोक कंटाळत. हळूहळू कुणी येईनासं झालं. त्यांच्यामागं मी एका पेटीत पडून राहिलो, ओल लागली, आणि पुढं रद्दीतून बचावून या शाळेत आलो.

तुम्ही कपाट उघडलंत तर मला कोरड्या हातानं घ्या. पानांत थोडा कडुलिंबाचा पाला ठेवा. आणि शब्द सापडला की लगेच मिटू नका. ओसरीवर कुणीतरी तुमच्या तोंडाकडे बघत बसलेलं असेल.