नऊशे ग्रॅमचं घर

माझी आई सुनंदाबाई आयुष्यभर मुलांना गणित शिकवून निवृत्त झाली आणि पुढच्याच आठवड्यात जेवताना म्हणाली, की ती साल्हेरपासून भीमाशंकरपर्यंत डोंगराडोंगरांतून चालत जाणार आहे. गॅस संपत आलाय हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी वरण मागितलं. वरण घेऊन झाल्यावर विचारलं, की तिकडे बस जात नाही का. जाते, आई म्हणाली.

आम्ही राहतो जळगावला, पिंप्राळ्यात. शेत असोद्याला. नातेवाईक दोन्हीकडे, शिवाय मधल्या रस्त्यावर. आमच्या हॉलमधल्या दिवाणाला घरात 'पाहुण्यांचा दिवाण' म्हणतात. पाहुणे बदलतात, पण दिवाण रिकामा राहिलेला मी पाहिलेला नाही. मी स्वतः त्यावर एकदाच झोपलो, तेव्हा मला गोवर झाला होता आणि पाहुणे घाबरले होते.

चालायला नेणारा माणूस धुळ्याचा, हेमराज. तो दर हिवाळ्यात दहा-बाराजणांना घेऊन निघतो. त्याचा नियम असा, की ज्याचं घर त्याच्या पाठीवर. आईच्या गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले, पाठीवर सात किलो चालतील. आईने विचारलं, आठ? डॉक्टर म्हणाले, आठ न्यायचे असतील तर गुडघे इथे ठेवून जा. हे हेमराजच्या कानावर गेलं. त्याने फोनवर सांगितलं, की निघायच्या सकाळी तो स्वतः सॅक काट्याला लावेल, आणि सातच्या वर भरली तर बाई आल्या त्या जीपने परत.

कपडे, अंथरूण, खाणं, पाणी असं सगळं मिळून सहा किलो झालं. म्हणजे तंबूसाठी उरला एक किलो.

नानांच्या मते वस्तूचा दम वजनात असतो. आमच्याकडची पातेली, कपाट, जावई, सगळं त्यांनी उचलून बघून घेतलेलं आहे. ते शेतातून कापसाच्या गंजीवरची ताडपत्री घेऊन आले आणि हॉलमध्ये टाकली. दिवाणावरच्या पाहुण्याने पाय वर घेतले.

"हिच्याखाले आपला कापूस नाई भिजला," नाना मला म्हणाले, "तुही माय काय भिजते."

आईने ताडपत्री ताणकाट्याला लावली. आकडा दिसण्याआधी काट्याचा हूक सरळ झाला. आईने तोंडी निकाल दिला, नापास, आणि आम्ही धुळ्याची बस पकडली.

धुळ्याला स्टँडवर पितांबरमामा आणि कमलमामी हजर होते. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. आईचा हा धाकटा भाऊ नोकरीच्या निमित्ताने धुळ्यात राहिला आणि तिथेच मुरला. खरेदी कसलीही असो, सोबत चार माणसं लागतात असं त्याचं ठाम मत आहे. मी चष्मा घ्यायला गेलो होतो तेव्हाही तो आला होता. त्याने स्वतःही एक घालून पाहिला.

हेमराजच्या दुकानात पुढे फवारणीचे पंप आहेत आणि मागच्या खोलीत डोंगरातलं सामान. त्याने जमिनीवर दोन तंबू उभे केले. दोन्हींना स्वतःचे खांब नव्हते. चालायची काठीच मधे उभी करायची, की तंबू उभा राहतो. तेवढंच वजन वाचतं.

"हाऊ एकलाना शे, तो दोन जनस्ना," हेमराज म्हणाला. एकट्याचा भरला नऊशे ग्रॅम, खुंट्या आणि दोऱ्यांसकट. दोघांचा दीड किलो.

आई एकट्याच्या तंबूत शिरली, आडवी झाली, पाय लांब केले. आणि मग जरा जास्तच वेळ आत राहिली. कमलमामीने वाकून विचारलं, बरं वाटतंय ना. आतून उत्तर आलं, की बरं वाटतंय म्हणूनच बोलत नाहीये.

ती बाहेर आली आणि हेमराजला बांधून दे म्हणणार, तेवढ्यात मामा बोलला.

"पन अक्का, कोनी आलं तं?"

हेमराजने सांगितलं, की एवढ्या उंचीवर संध्याकाळी कुणी येत नाही. मामा म्हणाला, तुला आमचे लोक माहीत नाहीत. मग त्याने पट मांडला. त्याची मुलगी दिपमाला सटाण्याला दिलेली. सटाण्याहून साल्हेर काही लांब नाही. अक्का डोंगरावर आली आहे असं दिपमालाच्या सासऱ्यांना कळणार, ते भेटायला येणार, आणि अक्काच्या दारात त्यांना बसा म्हणायला जागा नसणार. मग दिपमालाने पुढची तीस वर्षं काय ऐकायचं?

हेमराज धुळ्याचा असल्यामुळे त्याला मुद्दा पटला. तो खाली बघून खुंट्या मोजू लागला.

आईने कधी कुणाला दारातून परत पाठवलेलं नाही. ताटावर बसलेली असताना बेल वाजली तर ती घास खाली ठेवून उठते, आणि नंतर तो घास तिथेच सापडतो. तिने एकट्याच्या तंबूकडे एकदा पाहिलं आणि दोघांचा मागितला. हेमराजने समजूतदारपणा दाखवला. म्हणाला, घेऊन जा, शेतात लावा, सामान घेऊन तासभर आत झोपून बघा, आणि मग पक्कं करा. मळला नाही तर बदलून देतो.

आता अर्धा किलो जास्त होता, आणि आई इरेला पेटली. तिने टूथब्रश निम्मा कापला. कंगव्याचे अर्धे दात ठेवले. कपड्यांच्या आतली लेबलं उसवली. टॉवेल जाऊन पंचा आला. मला चमच्याला भोकं पाडायला लावली. भोकं पाडून झाल्यावर वजन किंचित घटलं, पण तो झारा झाला होता. काटा तरीही सातच्या खाली येईना. शेवटी तिने स्वेटर बाहेर काढला आणि काटा बरोबर सातवर येऊन थांबला.

मी म्हटलं, डिसेंबर आहे. ती म्हणाली, मला थंडी फारशी वाजत नाही. मी म्हटलं, म्हणजे दिपमालाच्या सासऱ्यांना बसता यावं म्हणून तू कुडकुडणार. ती म्हणाली, हो. गणितात तिला चूक सापडत नव्हती.

रविवारी दुपारी असोद्याच्या शेतात तंबू लावला. कपाशी वेचून झालेल्या तुकड्यात काळी माती मऊ होती, खुंट्या लोण्यात गेल्यासारख्या गेल्या. शेतात गेलोच आहोत तर चार वांगी भाजू, असं नाना सकाळी फोनवर कुणाला तरी म्हणाले होते. बोलावलं कुणालाच नव्हतं, त्यामुळे अठराच माणसं आली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी पडली, पुऱ्यांची कढई चढली, आणि जिच्यासाठी हे सगळं होतं ती आपोआप कढईपाशी जाऊन बसली.

कमलमामी धुळ्याहून नारळ घेऊन आली होती. नवं घर म्हटल्यावर घरभरणी नको का? तिने तंबूच्या चेनला हळदकुंकू लावलं. आत दूध उतू घालायचं होतं. मी म्हटलं, कापड पातळ आहे, घर उतू जाईल. मग दूध बाहेर, तंबूच्या समोर उतू घालण्यात आलं. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की दार दक्षिणेला आहे. मामाने आणि मी खुंट्या उपटून घर पूर्वेला फिरवलं. चार खुंट्यांत वास्तुदोष गेला.

मग लोक घर पाहायला लागले. एकेक जण एका बाजूने शिरे, आत बसून छताला हात लावून पाही, बोटाला ओल लागली की "घरातच दव पडतंय" म्हणे आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येई. इतक्या माणसांनी आत श्वास सोडल्यावर पडणारच होतं. आई दोनदा पदराला हात पुसून तंबूकडे निघाली. पहिल्यांदा आत नानांचे दोन चुलतभाऊ कापसाचा भाव काय चाललाय यावर बोलत होते. दुसऱ्यांदा कुणीतरी बाळाला दूध पाजत होतं. दोन्ही वेळा ती, बसा बसा, म्हणाली आणि परत कढईपाशी आली.

जेवणं आटोपल्यावर ती तिसऱ्यांदा निघाली. हातात पुऱ्यांची परात होती, वाटेत कुणाला लागली तर म्हणून. मी मागे होतो. तंबूत नाना आणि पितांबरमामा झोपले होते, एकाचं डोकं पूर्वेला आणि दुसऱ्याचं पश्चिमेला. दोघांचं घोरणं एकमेकांना धरून चाललं होतं. तंबू दोघांचाच, त्यामुळे जागा अगदी बरोबर झाली होती. जागा व्हावी म्हणून आईची सॅक त्यांनी पायाने बाहेर ढकलली होती. ती मातीच्या सरीत तोंडावर पडली होती, आणि निम्मा टूथब्रश बाहेर आला होता.

मागून कुणीतरी हाक मारली, ताई, दोन पुऱ्या आणा.

आईने सॅककडे पाहिलं. हातातल्या परातीकडे पाहिलं. मग परात माझ्या हातात दिली, तंबूच्या पुढे गेली आणि मधली काठी काढून घेतली.

तंबू एकदम पडत नाही. तो सुस्कारा टाकतो आणि खाली बसतो. कापडाखाली दोन पोटं दिसू लागली. घोरणं थांबलं. एक हात कापड चाचपत इकडून तिकडे फिरला.

"कोन शे?" आतून मामाने विचारलं.

"घरमालकीण," आई म्हणाली. "घर रिकामं करा. मला ते परत करायचंय."

पुऱ्या मागणाऱ्यांनी स्वतः येऊन माझ्या हातातल्या परातीतून दोन घेतल्या. मी पाहिलेली त्यांची ती पहिलीच मेहनत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत धुळ्याला गेलो. मामा स्टँडवर होताच. दुकानापर्यंत तो आईला समजावत आला: आम्ही दोघं चुकून झोपलो, डोंगरावर काही आम्ही नसू, पण लोक काय म्हणतील, दिपमालाने काय तोंड दाखवायचं. हेमराजने दोघांच्या तंबूच्या चेनवरचं हळदकुंकू पुसलं आणि एकट्याचा तंबू काढला, तोपर्यंत आईने सगळं ऐकून घेतलं. मग ती वळली.

"पितांबर, माझ्या लग्नापासून मी गरम पोळी तव्यावर पाहिली आहे, ताटात नाही. हे घर माझं एकटीचं. कोणी आलं तर त्याने आपलं घर पाठीवर घेऊन यावं."

मामाने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी फवारणीच्या पंपाचं माहितीपत्रक वाचत होतो. चांगला पंप होता.

घरी आल्यावर स्वेटर, टॉवेल आणि धड चमचा सॅकमध्ये परत गेले. सॅक काट्याला लावली. सहा किलो नऊशे. टूथब्रश निम्माच राहिला, त्याला आता इलाज नव्हता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आईला घेऊन आम्ही साल्हेरच्या पायथ्याच्या गावी जीपने गेलो. मामाचं म्हणणं खरं ठरलं, पाहुणे आलेच. नाना, मी, मामा, मामी, दिपमाला, तिचा नवरा, आणि ज्यांच्यासाठी इतका विचार झाला ते सासरे आणि सासूबाई. शाळेच्या पटांगणात हेमराजच्या माणसांचे तंबू लागले होते, आणि आईचा सगळ्यांत छोटा होता. ती आत बसली होती, चेन गळ्यापर्यंत. नुसता चेहरा बाहेर. आम्ही समोर अर्धगोल करून जमिनीवर बसलो, देवळात बसतात तसे. सासऱ्यांनी तंबूला प्रदक्षिणा घातली, कुठूनच शिरता येत नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, जागा आटोपशीर आहे. मग बराच वेळ चहाची वाट पाहिली सगळ्यांनी. आई आतून सगळ्यांची खुशाली विचारत राहिली, पण उठली नाही. शेवटी नाना उठले आणि हेमराजचा स्टोव्ह पेटवायला गेले. त्यांनी केलेला चहा आम्ही सगळ्यांनी प्यायला.

सकाळी हेमराजने आईची सॅक काट्याला लावली. सहा किलो नऊशे. त्याने मान हलवली. आईने सॅकला हात घालायच्या आधीच दिपमालाच्या सासूबाई पुढे झाल्या आणि डिंकाच्या लाडवांचा डबा वर ठेवला. वाटेला लागतील, म्हणाल्या. काटा सातच्या पुढे सरकला. हेमराजने जीपकडे पाहिलं. आम्ही सगळे आईकडे पाहत होतो. आमच्याकडे दिलेली शिदोरी परत करत नाहीत. माणूस मेला तर ती त्याच्याबरोबर जाते.

आईने डबा उचलला, कपाळाला लावला आणि सासूबाईंच्या हातात परत ठेवला.

"तुम्ही केलेत म्हणजे चांगलेच असणार," ती म्हणाली, "पण मला नको."

सासूबाई डबा धरून उभ्या राहिल्या. असं त्यांना आजवर कुणी बोललं नसावं. दिपमालाचा चेहरा मात्र काही वेगळंच सांगत होता. ती त्या डब्याकडे अशी बघत होती, जणू नको म्हणायचीही सोय आहे हे तिला आत्ताच कळलं.

आईने सॅक पाठीवर घेतली, छातीवरचा पट्टा लावला आणि रांगेत मधे जाऊन उभी राहिली. हेमराजने शिट्टी मारली. ती पहिला चढ चढून झाडीमागे गेली, वळून न बघता. गुडघा दुखत असेल तर तसं दिसलं नाही.

लाडू आम्ही परतीच्या वाटेवर जीपमध्ये खाल्ले. नानांनी डबा हातात घेऊन, वजन बघून, मगच उघडला.