आउनेचा अर्धा तास

मित्रांनो, मला हातात घेतलंत तरी तुमच्यातला एकही जण मला ओळखणार नाही, पैज लावतो. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर पत्र्याची चौकोनी डबी आणि एका कडेला अँटेनाची वायर खोचायला गोल तोंड. मी टीव्ही ट्यूनर कार्ड. कम्प्युटरच्या पोटात बसायचं, छपरावरच्या अँटेनातून आलेलं चित्र पकडायचं आणि ते शेजारच्या डिस्ककडे सोपवायचं, हे माझं काम. पकडणारा मी, ठेवणारी डिस्क. सध्या मी थंडर बे गावातल्या एका गॅरेजमध्ये, गुंतलेल्या वायरींच्या खोक्यात पडून आहे. कुरकुर करायला बसलो तर दिवस पुरणार नाही, म्हणून एकच गोष्ट सांगतो. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं काही आठवत नाही. डोळे उघडले ते रेइनोच्या घरात. रेइनो कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, आणि आउने त्याची बायको. दोघांचेही आईवडील फिनलंडहून इथे आलेले. रेइनो बोलायला महाकंजूष. आउने त्याच्याही वाटणीचं बोलायची. त्यांची मुलगी कारीना विनिपेगला राहायची. एका नाताळात ती मला घेऊन आली, बैठकीतल्या टीव्हीशेजारचा कम्प्युटर उघडला आणि मला खाचेत दाबून बसवलं.

"बाबा, आता मॅचसाठी धावत घरी यायला नको. हा सगळं साठवून ठेवतो, तुला हवं तेव्हा बघ."

"म्हणजे तळ्यावर मासे धरत बसलो तरी चालेल?"

"चालेल. फक्त एक लक्षात ठेव. डिस्क भरली की सगळ्यात जुनं असेल ते आपोआप पुसलं जातं. जे कायमचं हवं, त्याच्यापुढे हे कुलपाचं चिन्ह लावायचं. बघ, असं."

"हो हो, कळलं."

"काही कळलेलं नाही त्याला," आउने स्वयंपाकघरातून ओरडली. "तो नुसता मान डोलावतोय. चाळीस वर्षं बघतेय मी ती मान."

सगळे हसले. रेइनोसुद्धा हसला.

पहिली दोन वर्षं माझा काय थाट होता म्हणून सांगू! पाहुणे आले की रेइनो त्यांना आधी मला दाखवायचा, मग घर. बर्फावरची हॉकी म्हणजे त्याचा जीव की प्राण. शेजारीण लेम्पी यायची, तोंडात बोट घालायची आणि म्हणायची, "रेइनो, तुझ्या या डब्याला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त अक्कल आहे." मी मनातल्या मनात फुगून जायचो.

एकदाच काय ती माझी अब्रू गेली. वसंतातल्या बाद फेऱ्या चालू होत्या. त्या सामन्यांत बरोबरी झाली तर कुणीतरी गोल करेपर्यंत खेळ थांबत नाही, मग कितीही वेळ लागो. रेइनोनं मला ठरल्या वेळेपुरतंच काम सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तो कॉफी घेऊन बघायला बसला. जादा वेळ संपली, पुन्हा जादा वेळ सुरू झाली, एक जण चेंडूऐवजी असते ती रबरी चकती घेऊन गोलकडे सुसाट निघाला आणि टीव्ही काळा पडला. रेइनोनं अशी काही शिवी हासडली की आउने पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"अरे, एवढं काय झालं?"

"गोल झाला की नाही तेच कळलं नाही!"

"मग पुढच्या वेळी तीन तास जास्तीचे लाव की. डबा काही तुझ्याकडे जादा पगार मागणार नाही."

तेव्हापासून या घरात प्रत्येक मॅचला तीन तास जास्तीचे लागू लागले. इथल्या घराघरांत हीच रीत होती. मॅच संपली तरी मी आपला बातम्या, जाहिराती, हवामान पकडत बसायचो.

हळूहळू रेइनोला एक खोड लागली. साठवलं की त्याला बघितल्यासारखंच वाटायचं. जंगलातल्या प्राण्यांचे कार्यक्रम, जुन्या जहाजांचे, काय काय पकडायला लावायचा आणि त्यातलं निम्मं बघायचाच नाही. आउने म्हणायची, "अरे, बघणार कधी?" तो म्हणायचा, "ठेवलंय ना? मग पळून जातंय का कुठे?"

आता मुद्द्याचं सांगतो. आउने पुल्ला करायची. पुल्ला म्हणजे वेलदोडा घातलेला, वेणीसारखा गुंफलेला गोड पाव. चर्चच्या नाताळ विक्रीत तिचा पुल्ला टेबलावर ठेवायची खोटी, लगेच फस्त. गावातल्या टीव्हीवाल्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्या दुपारच्या पाककृतींच्या कार्यक्रमात तिला बोलावलं. आठवडाभर आधी चित्रण झालं. चित्रण करून आली तेव्हा ती लाजून लाल झाली होती.

"काय विचारलं त्यांनी?" रेइनोनं विचारलं.

"ते टीव्हीवरच बघ. तुझ्याबद्दलही बोललेय मी."

"माझ्याबद्दल? काय बोललीस?"

"बघ म्हटलं ना! आधीच सांगितलं तर मजा काय?"

कार्यक्रम लागला त्या आठवड्यात रेइनो दोस्तांबरोबर हरणाच्या शिकारीला कॅम्पवर गेला होता. जाण्याआधी त्यानं मला वेळ नेमकी लावून दिली होती, ते मात्र खरं. आउनेला स्वतःला पडद्यावर बघायचा धीर झाला नाही. ती स्वयंपाकघराचं दार लावून आत बसली. म्हणजे मित्रांनो, त्या घरात तो अर्धा तास पाहणारा मी एकटाच होतो.

काय सुंदर दिसत होती ती! निळा झगा, बाह्या वर सारलेल्या, बोटं पिठात भराभर चालत होती. कार्यक्रमवाल्या बाईनं विचारलं, "आउने, हा पुल्ला तुम्ही कुणासाठी करता?" आउने म्हणाली, "नवऱ्यासाठी. दर शनिवारी तो ओट्याशी उभा राहून गरम गरमच खातो, जीभ भाजून घेतो आणि म्हणतो, पुढच्या वेळी वेलदोडा जरा जास्त घाल. इतकी वर्षं झाली, मी एकदाही जास्त घातला नाही." बाईनं विचारलं, "का हो?" तर ही म्हणाली, "घातला तर तो बोलणारच नाही ना! तो फार कमी बोलतो. तेवढं एक वाक्य माझ्या हक्काचं आहे. ते ऐकलं की वाटतं, बरं झालं बाई, याच्याशीच लग्न केलं."

बाई हसता हसता डोळे पुसायला लागली. मी ते सगळं जसंच्या तसं डिस्ककडे दिलं. तुम्ही म्हणाल, तू नुसता पकडणारा, तुझ्यात कुठे काय राहतं? खरं आहे, राहत नाही. पण हे राहिलं.

रेइनो शिकारीहून आला. आउनेनं दारातच विचारलं, "बघतोस का?" तो दमला होता. म्हणाला, "आज नको, ठेवलंय ना?" पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं. त्या दिवशी मॅच होती. नाताळात तिनं आणखी एकदा विचारलं, चेष्टेच्या सुरात, "काय रे, तुझी ती टीव्हीवरची बाई अजून डब्यातच का?" रेइनो म्हणाला, "बघू गं सावकाश. पळून जाते का ती?" आउने हसली. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी ती उठलीच नाही.

आमच्याकडे जानेवारीत जमीन दगड झालेली असते. थंडीत गेलेल्या माणसाला पुरायला मे उजाडावा लागतो. चर्चमध्ये प्रार्थना झाली, कारीना चार दिवस राहून गेली आणि आउने वसंताची वाट पाहत थांबली. निघताना कारीनानं विचारलं, "बाबा, आईचा तो कार्यक्रम आहे ना?"

"आहे. माझ्याच्यानं एकट्यानं बघवणार नाही. मे महिन्यात तू येशील तेव्हा बघू. तिला पोचवून आलो की सगळे मिळून बघू."

"चालेल. आईलाही आवडेल ते."

ते ऐकून मला गलबलून आलं. कुलूप लावा हो, कुलूप, असं ओरडावंसं वाटलं. पण मला चित्र पकडता येतं, बोलता कुठे येतं?

तो हिवाळा रेइनोनं माझ्यासमोर काढला. साठवलेलं सगळं, प्राणी काय, जहाजं काय, एकेक करून बघितलं आणि बघून झालं की पुसून टाकलं. यादीत जुनं असं एकच उरलं. रोज त्या नावापाशी यायचा, थांबायचा आणि पुढे जायचा. त्याच्या दृष्टीनं तेच सगळ्यात जपलेलं होतं.

एप्रिलमध्ये बाद फेऱ्या सुरू झाल्या. घर खायला उठायचं, म्हणून त्यानं आपल्या आवडत्या संघाचेच नव्हे, सगळ्यांचे सामने लावले आणि प्रत्येकाला तीन तास जास्तीचे. आउनेनं सांगितलं होतं ना, म्हणून! आता तो नवे सामनेच बघायचा, यादीच्या तळाशी त्या नावापर्यंत जायचा नाही. मी पकडत राहिलो, डिस्क भरत राहिली. एका संध्याकाळी ती काठोकाठ भरली. नियमाप्रमाणे तिनं सगळ्यात जुनं काय आहे ते पाहिलं, त्याला कुलूप नाही हे पाहिलं आणि पुसून टाकलं. त्याच्या जागी काय आलं, ठाऊक आहे? संपलेल्या मॅचनंतरच्या गाद्यांच्या जाहिराती.

मे महिन्यात जमीन सैल झाली. आउनेला पोचवून मंडळी घरी आली. कॉफी झाली, लेम्पीनं खारा मासा आणि पाव आणला होता. सगळे दाटीवाटीनं बसले. कारीना म्हणाली, "लाव बाबा."

रेइनोनं रिमोट घेतला. यादी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. हॉकी, हॉकी, हॉकी.

"बाबा, आई कुठाय?"

"इथेच होती."

"कुलूप लावलं होतंस ना?"

तो पुन्हा यादी वर नेऊ लागला. कारीनाला सगळं कळलं. ती उठली, त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि त्याला जवळ घेतलं. एवढा मोठा गिरणीतला माणूस, पाहुण्यांदेखत हुंदके देऊन रडला. "तीनदा विचारलं गं तिनं," एवढंच म्हणत होता. "तीनदा विचारलं."

टीव्हीवाल्यांना फोन केला. तिकडची मुलगी हळहळली. त्या फिती पुसून ते पुन्हा पुन्हा वापरायचे, म्हणाली.

मग रेइनोनं विचारत हिंडायला सुरुवात केली. न बोलणारा माणूस गावभर बोलायला लागला. न्हाव्याकडे गेला, चर्चच्या बायकांकडे गेला, वाणसामानाच्या दुकानात गेला. "तुम्ही बघितला होता का? माझ्याबद्दल काय म्हणाली ती?" कुणाला झगा आठवत होता, कुणाला वेणीची गुंफण. शेवटी लेम्पीला बसवून घेतलं.

"लेम्पी, नीट आठव."

"तुझ्याबद्दलच होतं रे काहीतरी. ती बाई केवढी हसली होती! खाण्याबद्दल... नाही, बोलण्याबद्दल... थांब, अगदी जिभेवर आहे बघ."

"चांगलं होतं की वाईट?"

"चांगलंच असणार की रे. आउनेच ती."

"असणार नको गं. काय म्हणाली ते सांग."

लेम्पीनं डोळे मिटले, कपाळ चोळलं आणि मान हलवली. मी दोन हातांवर होतो, मित्रांनो! शब्द न् शब्द मला पाठ होता. माझ्यातून आलेला आवाज तारेतून पुढे जातो, पण मला माझा असा आवाज नाही. याहून मोठी शिक्षा कुणाला दिलेली मी पाहिलेली नाही.

पुढे जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद झालं. मला नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. कारीनानं मला काढून या खोक्यात ठेवलं. रेइनो अधूनमधून गॅरेजमध्ये काहीतरी शोधायला येतो, मला उचलतो, उलटासुलटा करून बघतो आणि परत ठेवतो.

लहान मित्रांनो, मोठी माणसं तुम्हाला सांगतील की चिन्ह लावा, दोन दोन प्रती काढून ठेवा. काढा, त्यात वाईट काही नाही. पण माझं एक ऐका. तुमच्या घरात कुणी "बघतोस का?" म्हणून विचारलं, तर हातातलं खाली ठेवून बघा. आमच्यासारखे डबे ठेवतील म्हणून त्यांच्यावर सोपवू नका. आम्हाला माणूस कळतो, पण सांगता येत नाही. ती शेजारच्या खोलीत आहे, पीठ मळतेय, तोवर उठा, आत जा आणि तिलाच विचारा, "काय म्हणालीस गं माझ्याबद्दल?"